ऐकणाऱ्याची खुर्ची

रोज सकाळी टोप्या मिठाच्या पाण्यात भिजत घालायच्या, हे माझं पहिलं काम. पोहताना घालतात तशा घट्ट टोप्या, आतून स्पंजच्या चकत्या शिवलेल्या, आणि प्रत्येक चकतीतून एक बारीक वायर निघालेली. पाणी कोमट हवं. गार पाण्याने माणूस दचकतो आणि दचकलेल्या मेंदूचं काही खरं नसतं, असं बाई म्हणायच्या. बाई म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. त्यांच्या हाताखाली मी यंत्र सांभाळते.

काम तसं साधं आहे. आतल्या खोलीत दोन खुर्च्या समोरासमोर, एक खिडकीपाशी, एक दारापाशी. दोघांना टोप्या घालायच्या आणि गप्पा मारायला सांगायच्या. मी काचेच्या अलीकडे बसते. माझ्यासमोरच्या पडद्यावर खिडकीतल्या माणसाच्या मेंदूची निळी रेघ चालते आणि दाराकडच्या माणसाची हिरवी. दोन परकी माणसं हवापाण्यावर बोलत असली की दोन्ही रेघा आपापल्या वाटेने जातात. पण एकाने जीव तोडून सांगायला घेतलं आणि दुसऱ्याने तितकंच मनापासून ऐकलं की रेघा जुळतात. बोलणाऱ्याची पुढे, ऐकणाऱ्याची पावलाभर मागे, त्याच वळणांनी. "ऐकणं म्हणजे दुसऱ्याला आपल्या डोक्यात बसायला जागा देणं," असं बाई प्रत्येक नव्या पाहुण्याला सांगत. मला ते वाक्य पाठ झालं होतं आणि पाठ झालेल्या वाक्याकडे आपण लक्ष देत नाही.

मी भाबडी नाही. मावशीच्या मते मी जन्मतःच चौकशीच्या खिडकीत बसले होते. घरात भांडं वाजलं तर मी आधी मांजर शोधते, मग उघडी खिडकी, आणि दोन्ही नसलं तर झोपी जाते.

टोप्या तपासायला आमच्याकडे एक थर्माकोलचं डोकं होतं, केसांच्या टोपांच्या दुकानातून आणलेलं. आम्ही त्याला साहेब म्हणायचो, कारण डोक्यात काही नाही आणि जपावं मात्र सगळ्यांनी. ओली टोपी साहेबांना घातली की पडद्यावर एक जाड, थरथरती रेघ यायची. तो नुसता विजेचा खरखराट. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

माणसं कमी पडली की आम्ही घरची माणसं आणून बसवायचो. तसेच मी आईबाबांना एकदा आणलं होतं. बाबा खिडकीपाशी, आई दारापाशी. बाबांचं चष्म्याचं दुकान. समोरच्याच्या नाकावरची काच नुसती बघून ते नंबर सांगायचे, पण नंबराच्या पलीकडे काही सांगायला त्यांना कष्ट पडायचे. आईचं उलट. ती सकाळी तोंड उघडायची ते रात्री दिवा मालवल्यावरही मिटायचं नाही. "न बोलणाऱ्याचे गहूही विकले जात नाहीत," असं ती बाबांना ऐकवायची, आणि ते खरोखरच ऐकायचे. त्या दिवशी आईने तिच्या शाळेतल्या घंटेचा किस्सा सांगितला, आम्ही सगळ्यांनी शंभरदा ऐकलेला. हिरवी रेघ पुढे धावली, निळी तिच्या मागोमाग. आणि गंमत म्हणजे हशा येण्याच्या जरा आधी निळीने हिरवीला मागे टाकलं. आई अजून वाक्यातच होती आणि बाबांचा मेंदू हसून मोकळा झाला होता.

"हे फार दिवसांच्या संसारातच दिसतं," बाई म्हणाल्या. "ऐकणारा पुढे जाऊन वाट बघत उभा असतो."

त्यानंतर थोड्याच महिन्यांनी आई गेली. झोपेतच गेली, अर्धवट सांगितलेली एक गोष्ट तशीच सोडून.

बाबांनी दुकान बंद ठेवलं. जेवण समोर ठेवलं की ते ताटाकडे बघायचे, दुसऱ्या कुणाचं असावं तसं. मी रागावले, विनवण्या केल्या, मावशीला बोलावलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. त्यांचे गाल बसले, अंगठी बोटातून गळायला लागली. डॉक्टर म्हणाले, शरीराला काही झालेलं नाही. मग काय झालंय, तर त्यावर ते खिशातलं पेन उघडून पुन्हा बंद करत. मला भीती वाटत होती. एक गेली, आता दुसराही माझ्या डोळ्यांदेखत जाणार आणि मी सूपचा वाडगा हातात घेऊन उभी राहणार, याची.

एका संध्याकाळी ते आपणहून म्हणाले, "दुसऱ्यांदा यायचं कबूल केलं होतं ना आपण? तुझ्या बाईंकडे?"

"बाबा, ते दोघांनी यायचं होतं."

"मी शब्द दिलाय."

बाईंनी हरकत घेतली नाही. अडचण यंत्राची होती. दोन्ही टोप्या ओल्या आणि कशाला तरी टेकलेल्या असल्याशिवाय ते सुरूच व्हायचं नाही. मी दुसरी टोपी मिठाच्या पाण्याच्या वाडग्यात बुडवून दाराकडच्या खुर्चीवर ठेवली. बाबा वाडग्याकडे बघत राहिले.

"रिकाम्या खुर्चीशी कसं बोलू गं?"

म्हणून मी साहेबांना आणलं. टोपी घालून, खुर्चीत दोन उशा ठेवून बसवलं. चूक म्हणायची तर एवढीच. आमच्या धंद्यातला कुणीही हेच केलं असतं.

बाबा शर्टाची बाही सारखी करत बसले. दुपारचं ऊन फरशीवर पसरलं होतं, यंत्राचा पंखा मंद घुमत होता. मग ते साहेबांना म्हणाले, "नळ दुरुस्त केला. वॉशर गेला होता. तू म्हणत होतीस."

हिरवी रेघ खरखरत होती.

"ठिबक थांबली आता. रात्री फार शांत वाटतं. झोप लागत नाही."

आणि हिरव्या रेघेने कान टवकारले. मला दुसरा शब्द सुचत नाही. खरखर विरली, रेघ बारीक झाली, आणि बाबांच्या निळ्या रेघेच्या पावलाभर मागून, त्याच वळणांनी चालू लागली.

मी आधी मांजर शोधलं. वायरींची अदलाबदल केली. दुसरं यंत्र लावलं. टोपी बदलली. मी स्वतः खिडकीच्या खुर्चीत बसून साहेबांना वर्तमानपत्र वाचून दाखवलं, तर नुसती खरखर. बाबा बसले की मात्र रेघ सावध व्हायची. बाईंनी बघितलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितलं. "आवाजाची कंपनं असतील," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "कुणाला सांगू नकोस. मलाही नको सांगूस."

त्या रात्री बाबा जेवले. दोनदा मागून घेतलं.

मग काय, मी त्यांना दर आठवड्याला आणू लागले. "म्हातारा जेवतोय ना? आण मग," बाई म्हणाल्या. बाबा भांग पाडून, शर्टाची घडी मोडू न देता यायचे. जन्मात बोलले नसतील इतकं त्या खोलीत बोलायचे. गिऱ्हाइकांचं, शेजाऱ्यांच्या कुत्र्याचं, माझं. मी काचेच्या अलीकडून ऐकायचे आणि मला वाटायचं, हा माणूस इतकी वर्षं आमच्या घरात राहत होता आणि आपल्याला भेटलाच नाही. त्या दुपारी फार मऊ होत्या. बाहेर गाड्या जायच्या त्यासुद्धा लांबून, पाण्याखालून गेल्यासारख्या ऐकू यायच्या. माझा डोळा लागायचा आणि उघडायचा तेव्हा रेघा अजून हातात हात घालून चाललेल्या असायच्या.

एका दुपारी डोळा उघडला तेव्हा खोलीत आवाज नव्हता. बाबा गप्प बसले होते. तोंड थोडं उघडं, मान किंचित कललेली, घरी बसायचे तसे. अधूनमधून ते मान हलवत होते. एकदा गालात हसले.

पडद्यावर हिरवी रेघ पुढे होती. निळी तिच्या मागे चालली होती.

बघता बघता निळीने उडी घेतली, हिरवीच्या पुढे गेली, आणि त्यानंतर जरासं थांबून बाबा मोठ्याने हसले. घंटेचा किस्सा. त्या खोलीत कुणीही एक शब्द बोललं नव्हतं.

मी त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, आणि मग मला कुठेतरी जाऊन ते ठेवावं लागलं असतं. त्यानंतरच्या खेपांना बाबा बोललेच नाहीत. नुसते ऐकत राहिले. निळी रेघ हिरवीच्या इतकी जवळ आली की दोन्हींत बोटभरही अंतर उरलं नाही. मग एके दिवशी दोन्ही रेघा एकमेकींवर पडल्या, क्षणभर पडद्यावर एकच रेघ होती, आणि पुन्हा सुट्या झाल्या.

बाबा उठले. खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवून त्यांनी ते डोळ्यांसमोर धरलं.

"किती धूळ साठवलीय गं तुम्ही लोकांनी," ते म्हणाले. "इथे कुणी फडकं मारतं की नाही?"

घरी जाताना वाटेत ते बोलत होते. भाजीवाल्याशी घासाघीस केली, वर त्याच्या मुलीचा अभ्यास विचारला. घरी आल्या आल्या स्वयंपाकघरातले डबे खाली काढले आणि आई लावायची त्या क्रमाने लावले. मावशीचा फोन आला तो तासभर चालला. नंतर मावशी मला म्हणाली, "भावोजी किती बोलले गं! आवाज सोडला तर ताईशीच बोलतेय असं वाटलं." आणि ती रडायला लागली.

दुकान उघडलं. पहिल्याच गिऱ्हाइकाच्या काचा त्यांनी उलट्या बसवल्या, डावी उजवीकडे. मी बघत होते. ते काचेकडे असे बघत होते की जणू ही वस्तू असते कशासाठी हेच आठवत नव्हतं. "हे मला कधी जमणार नाही बाई," ते हसून म्हणाले आणि गिऱ्हाइकाला चहा पाजून, गप्पा मारून, खूश करून परत पाठवलं.

त्या रात्री जेवताना मी चमचा खाली ठेवला.

"आई," मी म्हटलं.

बाबांच्या चेहऱ्याने माझ्याकडे पाहिलं. त्या डोळ्यांत ओळख होती आणि थोडी भीतीही, चोरून खाताना सापडलेल्या माणसाची.

"बाबा कुठेत?"

"तिकडेच थांबलेत," ती बाबांच्या आवाजात म्हणाली. "म्हणाले, तू जा, तुला घरी कामं असतात. मी बसतो इथे."

"आणि तू आलीस?"

"विचारलं मी त्यांना, तुम्ही काय करणार. तर म्हणाले, ऐकेन." तिने माझ्या ताटात भाजी वाढली. "जेव. किती वाळलीयेस."

मला आनंद झाला, हे मी लपवत नाही. माझी आई परत आली होती आणि माझ्या केसांवरून हात फिरवत होती. हात बाबांचा होता. मी त्या हातावर डोकं टेकून रडले, आणि कुणासाठी रडतेय ते मला कळेना.

दुसऱ्या दिवसापासून मी दुपारच्या सुट्टीत आतल्या खोलीत जाऊ लागले. साहेबांची टोपी ओली करायची, दुसरी वाडग्यात बुडवून खिडकीच्या खुर्चीवर ठेवायची, पडदा दिसेल असा वळवायचा, आणि मध्ये स्टूल घेऊन बोलायचं. पहिल्याच दिवशी हिरवी रेघ सावध झाली. मी काहीबाही सांगायचे. दुकानाची गंमत, आईची घासाघीस. विनोदाच्या आधीच रेघ उडी मारायची, मी वाक्यात असतानाच. असं ऐकणारा माणूस जगात एकच होता. मी गप्प झाले की रेघ शांत पडून राहायची, वाट बघत. ते कधीच काही बोलायचे नाहीत. आधी तरी कुठे बोलत होते?

मग बाईंनी सांगितलं की काम संपलं. यंत्रं आठवड्याअखेर परत जाणार.

मी घरी येऊन आईला म्हटलं, "एकदा चल. एकदाच बस त्यांच्यासमोर. या वेळी तू ऐक."

ती भांडी पुसत होती. पुसतच राहिली.

"त्यांनी मला पाठवलंय. आता त्यांना न विचारता परत कशी जाऊ?"

"आई."

"तिथे काही दिसत नाही गं," ती हळूच म्हणाली. "नुसतं ऐकू येतं. आणि जो येतो तो निघून जातो." तिने फडकं तोंडाला लावलं. "मला नको सांगूस जायला."

मी पुन्हा सांगितलं नाही. आईला परत त्यात ढकलणारी मी कोण?

शेवटच्या दिवशी मी सुट्टी व्हायची वाट न बघता आत गेले. बाहेर माणसं खोकी बांधत होती, चिकटपट्टी ओढल्याचा आवाज येत होता. साहेब उशांवर बसले होते. मी टोपीवर कोमट पाणी घातलं, वाडगा ठेवला, यंत्र लावलं.

काय सांगायचं ते ठरवून आले होते, पण तोंडातून भलतंच निघालं.

"बाबा, तुम्हाला करमतं का हो इथे?"

हिरवी रेघ हलली नाही. मग ती उठली.

ती माझ्या मागून येत नव्हती. मी तर गप्प होते. ती एकटीच पुढे चालली होती, आधी अडखळत, मग भरभर, न थांबता. बोलणाऱ्याची रेघ मी रोज बघते. ती ओळखायला मला बाई लागत नाहीत.

बाबा बोलत होते.

आयुष्यात पहिल्यांदा त्यांना मला काहीतरी सांगायचं होतं, आणि खिडकीच्या खुर्चीत मिठाच्या पाण्याचा वाडगा होता. निळी रेघ खरखरत होती. ऐकायला कुणी नव्हतं.

हिरवी थांबली. थोडी थरथरली. पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

मला सगळं समजत होतं. आईने सांगितलं तेव्हा बाबांनी ऐकलं, आणि आई घरी आली. ऐकणाऱ्याला जागा द्यावी लागते. द्यावी लागते म्हणजे किती, हे बाईंना कुणी कधी विचारलं नव्हतं.

बाहेर चिकटपट्टी ओढल्याचा आवाज जवळ येत होता.

मी वाडग्यातून टोपी काढली. पिळली. डोक्यात घातली. पाणी गार झालं होतं, कानामागून ओघळलं, आणि मी दचकले नाही.

"बोला बाबा," मी म्हटलं. "ऐकतेय."

निळ्या रेघेची खरखर थांबली.

बाईंनी दार वाजवलं तेव्हा ऊन खिडकीतून निघून गेलं होतं. टोपी काढून धुतली, पिळली, वाळत घातली. बाई काही विचारत होत्या. मान हलवली की त्यांचं भागत होतं.

रस्त्यावर नेहमीची गर्दी होती. सगळं स्वच्छ आणि थोडं लांब दिसत होतं. समोरून येणाऱ्या एका माणसाच्या चष्म्याची डावी काडी सैल होती. त्याला थांबवलं, अंगठ्याच्या नखाने स्क्रू पिळून दिला, नाकावर बसवून पाहिला. उणे दोन. उजव्याला थोडा जास्त. तो आभार मानत होता. मला काही बोलावंसं वाटलं नाही.

घराचं दार उघडंच होतं. आत दिवा लागला होता, कांदा परतल्याचा वास येत होता. आई ओट्याशी पाठमोरी उभी राहून कसलंतरी गाणं गुणगुणत होती, बाबांच्या जाडसर आवाजात. पावलांची चाहूल लागताच ती वळली. कितीतरी वेळ माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग तिचे डोळे भरून आले आणि तिने हात पदराला पुसावे तसे शर्टाला पुसले.

"अहो," ती म्हणाली, "आलात?"

मी चपला काढून बाजूला लावल्या.

ती माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत होती.

"आणि पोरगी कुठेय?"

मीही मागे वळून पाहिलं.